अकरा जणांची साक्ष

नारायणराव थत्त्यांनी आयुष्यात कुठल्याही कागदावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला नव्हता. लग्नाआधी सासऱ्यांनी पाठवलेली मुलीची पत्रिकासुद्धा त्यांनी दुसऱ्या जोश्याकडून ताडून घेतली होती, आणि ही गोष्ट गोदावरीबाई पंचवीस वर्षांनंतरही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. साताऱ्यातल्या कॉलेजात ते इतिहास शिकवत. लोक जुन्या सनदा घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि निम्मे लोक तोंड पाडून परत जायचे, कारण थत्ते कागद उन्हाला धरून, तारीख-तिथी जुळवून शांतपणे सांगायचे, "बनावट आहे."

अशा माणसाला १९४६ सालच्या दिवाळीनंतर प्राचार्य अण्णासाहेबांनी एका समितीवर घेतलं. अण्णासाहेबांच्या डोक्यात एक नवीच पदवी शिरली होती. स्वराज्य दाराशी आलं आहे, उद्या आपली माणसं देशोदेशी राजदूत म्हणून जातील, तेव्हा जग म्हणजे काय हे एकाच पदवीत शिकवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, परकी भाषा हे सगळे वेगवेगळ्या खोल्यांत न बसता एका सूत्रात ओवायचे. नाव ठरलं 'जागतिक अभ्यास'. आराखडा दोन महिन्यांत मुंबईला विद्यापीठाकडे जायचा होता. नारायणरावांना वाटलं, ही खिचडी आहे आणि हिच्यात पहिल्यांदा शिजणार आहे तो इतिहास.

त्यांचा अंदाज चुकला नाही. समितीतला दुसरा सभासद होता लालासाहेब जगदाळे. वय तिशीच्या आत, अर्थशास्त्राचा माणूस, लढाईत तीन वर्षं पलटणीच्या शिक्षणखात्यात काढून आलेला. अजून खाकी विजार आणि लष्करी बूट घालून कॉलेजात यायचा. पहिल्याच बैठकीत त्याने विचारलं, "सर, पोराला जग शिकवायचं तर सुरुवात ग्रीसपासूनच का? आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसं इटली, मिसर, ब्रह्मदेश बघून आलीत आणि आता उसाला पाणी पाजतायत. त्यांच्यापासून सुरुवात करू. पोरांनी गावात जावं, त्यांची साक्ष लिहून घ्यावी आणि मग त्या साक्षीतून नकाशा, व्यापार, भाषा सगळं उलगडत न्यावं."

अण्णासाहेब खूश झाले. पण पहिल्या वर्षाला पेपर सहाच बसत होते. नवा आत घ्यायचा तर जुना बाहेर काढायला हवा, आणि बाहेर पडणार होता तो 'प्राचीन राष्ट्रे', म्हणजे नारायणराव अठरा वर्षं शिकवत आलेला पेपर. नारायणरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वरवर मात्र ते एवढंच म्हणाले, "नमुना दाखवा. मग बोलू."

लालासाहेबाने पंधरा दिवसांत नमुना आणला. कडेगावजवळच्या एका वाडीतले बाराजण एकाच पलटणीत भरती झाले होते. त्यातले अकरा इटलीहून परतले होते. त्या अकराजणांच्या साक्षी त्याने स्वच्छ अक्षरात उतरवून आणल्या होत्या. आराखड्याला त्याच जोडायच्या असं अण्णासाहेबांनी ठरवूनही टाकलं.

नारायणरावांनी त्या साक्षी घरी नेऊन तीनदा वाचल्या. पहिल्यांदा त्यांना आवडल्या, आणि त्याचाच त्यांना राग आला. दुसऱ्यांदा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अकराही जण सांगत होते की बेळगावच्या छावणीतून सुट्टी न देता थेट बोटीवर चढवलं, बैलांच्या सणाला, बेंदराला, आम्ही भर दर्यात होतो. अकराही जण सांगत होते की बारावा गडी नाथाजी बोटीवर तापाने फणफणला, त्याला मिसरात उतरवून घेतलं, पुढं त्याचं काय झालं ठाऊक नाही. शब्द तेच, क्रमही तोच. अकरा माणसं एकाच लग्नाला जाऊन आली तरी जेवणात काय होतं यावर त्यांचं एकमत होत नाही, हे नारायणरावांना पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या वाचनात त्यांना हवं ते सापडलं. सातवी साक्ष हरिबाची. इटलीतले बैल आपल्या बैलांपेक्षा कसे थोराड असतात हे सांगता सांगता तो म्हणून गेला होता, 'आमचा ढवळ्याबी तसाच. त्या सालच्या बेंदराला मिरवणुकीतनं उधळला आन् मनुबाईच्या अंगणातली तुळस पाडली, मीच मागं पळत व्हतो.' त्या सालच्या बेंदराला. म्हणजे गडी दर्यातही होता आणि गावात बैलामागेही पळत होता.

नारायणरावांच्या लेखी निकाल लागला. लालासाहेब वाडीत गेला असेल एखादा दिवस, चार गप्पा ऐकल्या असतील आणि उरलेलं खोलीत बसून रचलं असेल. रचताना बैलाची गंमत सोडवली नाही आणि तिथंच फसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णासाहेबांसमोर तो कागद ठेवला.

अण्णासाहेबांचा चेहरा उतरला. "हे खरं असेल तर या माणसाला कॉलेजात ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "आणि पदवीही गेली. विद्यापीठाला खोटी कागदपत्रं पाठवणारं कॉलेज म्हणून आपलं नाव होईल. पण संशयावर मी कुणाचं अन्न काढणार नाही. तुम्ही स्वतः जा, पडताळा आणि सोमवारच्या बैठकीत लेखी निकाल द्या. तुमच्या सहीवर ठरेल."

शुक्रवारी नारायणराव कऱ्हाडमार्गे सर्व्हिस मोटारीने कडेगावला उतरले आणि छत्री टेकत वाडीला गेले. पौषाचं ऊन होतं. गावाबाहेर गुऱ्हाळ चालू होतं आणि वाडीतले निम्मे पुरुष तिथंच होते. नारायणराव येताना दिसले तशा गप्पा थांबल्या. कुणी उठून पुढं आलं नाही, कुणी पाठही फिरवली नाही. गेली चार वर्षं या मुलखात पोलीस कधी धोतर नेसून, कधी टोपी घालून येत होते आणि भूमिगतांचा माग काढत होते. परक्या माणसाला कसं जोखायचं हे इथं पोरासोरांनाही कळत होतं.

चुलवाणाशी एक म्हातारी बसली होती. ती काहिलीजवळच्या गड्याला म्हणाली, "कृष्णात, पाव्हण्यास्नी घोंगडं टाक." कृष्णातने घोंगडं अंथरलं, तांब्याभर रस आणून ठेवला आणि पुन्हा काहिलीकडे गेला.

नारायणरावांनी आपली ओळख सांगितली. हरिबा कोण ते विचारलं. मिशीवाला, रुंद खांद्यांचा एकजण पुढं झाला. नारायणरावांनी त्याला त्याचीच साक्ष वाचून दाखवली आणि बेंदरापाशी थांबले.

"बेंदराला तुम्ही बोटीवर होता ना?"

"व्हय की."

"मग बैलामागे कोण पळत होतं?"

हरिबाने मिशीवरून हात फिरवला. "पत्र आलं व्हतं गावाकडनं. त्यात लिवलं व्हतं."

"कुणी लिहिलं होतं?"

"शाळंतल्या मास्तरनं."

"छान. त्यांना विचारतो जाता जाता."

 हरिबाने इकडंतिकडं पाहिलं. नारायणरावांनी मग आवाज मऊ केला. "हे पाहा, तुमच्यावर माझा काही आळ नाही. मला एवढंच सांगा, जगदाळ्यांनी हे त्यांच्या मनानं लिहिलंय का? तसं असेल तर तुम्ही सुटलात."

हरिबाला वाट सापडली. "आसंल, मास्तर. त्या सायबानंच लिवलं आसंल. आमी काय आसं बोललो न्हाई." आणि त्याच्या मागं आणखी चौघांनी माना डोलावल्या. "न्हाई बोललो. आमाला कुठं येतंय एवढं बोलाय."

नारायणरावांना आनंद झाला, अगदी उघड आनंद झाला. जे ऐकायला ते इतक्या लांब आले होते ते पाच तोंडांनी मिळालं होतं. त्यांनी वही काढली आणि नावं लिहायला सुरुवात केली.

"त्या सायबाचं काय व्हईल?" चुलवाणाजवळच्या म्हातारीने विचारलं.

"नोकरी जाईल," नारायणराव न बघता म्हणाले.

म्हातारी उठली. "हरिबा, लाज वाटंना व्हय रं? त्यो माणूस माझ्या चुलीम्होरं बसून भाकरी खाऊन गेलाय." मग ती नारायणरावांकडे वळली. "मास्तर, वही मिटा आन् घरला चला. च्या घ्या."

"तानुआत्ती," हरिबा दबक्या आवाजात म्हणाला, "गप ऱ्हा की."

"तीन वर्सं गपच हाय," ती म्हणाली आणि चालू लागली.

तानुबाईचं घर दोन खणांचं होतं. तिने चहा ठेवला नाही. दार लोटून घेतलं आणि उंबऱ्याशी बसली. बराच वेळ ती नारायणरावांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग विचारलं, "कुठलं तुमी?"

"वाईचा."

"किस्नेकाठचं," ती स्वतःशी म्हणाली. "म्हंजे बरं झालं."

मग तिने सांगितलं. साक्षी खोट्याच होत्या, पण त्या लालासाहेबाने रचल्या नव्हत्या, वाडीने रचल्या होत्या. बाराही जण त्या बेंदराला घरीच होते, बोटीवर चढण्याआधीच्या रजेवर. तानुबाईचे दोन मुलगे. थोरला कृष्णात घरची शेती बघायचा, धाकटा नाथाजी पलटणीत. रजा संपायला आठ दिवस असताना कृष्णात तापाने गेला. नवरा आधीच गेलेला. नाथाजीने आईकडे बघितलं आणि जाणार नाही म्हणाला. अकराजण परत गेले, तो राहिला.

"पलटणीतनं पळालेला म्हंजे सक्तमजुरी," तानुबाई म्हणाली. "मग गावानं ठरिवलं. कृष्णात मेलाच न्हाई. नाथाजीच कृष्णात. पाटलानं वहीत मयत लिवली न्हाई. पलटणीचं पोलीस दोनदा आलं. आमी म्हनलं, गेला की त्यो समद्यांसंगं. पुढं ही अकरा पोरं परत आली तवा बसून समदं जुळवून घेतलं, रजाच न्हाई मिळाली आन् नाथाजी मिसरात उतरला. रजा न्हाई तर ऱ्हाईला कोन, कुणी इचारनारच न्हाई. त्यो तुमचा सायेब खाकी इजार घालून आला, बोट कंची, तारीक कंची, संगं कोन, आसं इचारू लागला. आमास्नी वाटलं पलटणीचाच."

"आत्ता ज्यानं मला घोंगडं टाकलं..."

"त्योच नाथाजी."

 बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मेलेल्या पोराच्या नावानं जित्याला हाक मारत्ये रोज," तानुबाई म्हणाली. "त्यो गेला तवा मोठ्यानं रडलेबी न्हाई. रडले असते तर वाडीभाईर कळलं असतं. तेरावं न्हाई, वर्सश्राद्ध न्हाई. म्हाळात पान वाढता येईना. ज्याला जिता म्हनतो त्येला कसं वाढायचं?" तिने पदर तोंडाला लावला नाही. कोरड्या डोळ्यांनी ती बोलत होती आणि ते बघणं जास्त अवघड होतं. "त्या सायबाची भाकरी माझ्या पोरापायी जाऊ नये म्हनून सांगितलं. आता माझं पोर तुमच्या हातात हाय. आन् एक करा. वाईच्या घाटावर माझ्या कृष्णातच्या नावानं ओंजळभर पाणी सोडा. तिथं त्येला कोन वळाकनार न्हाई."

शनिवारी नारायणराव वाईला भावाकडे उतरले. मोटारीत सगळा वेळ त्यांचा स्वतःशी झगडा चालला होता. खरं लिहावं, तर लालासाहेब सुटतो, पण तो कसा सुटला हे सांगावं लागतं. साक्षी गावाने खोट्या दिल्या म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, का दिल्या. अण्णासाहेब तो विचारणारच, ते विद्यापीठाला कळवणार, आणि नाथाजीचं नाव तर अकरा वेळा त्या कागदात लिहिलेलं. काहीच लिहू नये, तर बेंदराची विसंगती तशीच राहते आणि लालासाहेबाची नोकरी जाते. तिसरा रस्ता एकच होता आणि तो नारायणरावांनी कधी चालून पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी ते घाटावर गेले. ओळखीच्या भटजींनी दर्भ दिला आणि नाव-गोत्र विचारलं.

"कृष्णात. गोत्र काश्यप धरा."

"कोण हे? तुमच्याकडचे?"

"एका विद्यार्थ्याचा भाऊ," नारायणराव म्हणाले. ही त्यांची पहिली थाप, आणि ती इतकी सहज निघाली की ते स्वतःच दचकले. नदीचं पाणी पौषात बर्फासारखं असतं. त्यांनी तीनदा ओंजळ भरली आणि सरकारदरबारी जिवंत असलेल्या माणसाच्या नावाने सोडली. पायरीवर बसून पाय पुसताना त्यांना रडू आलं. भटजींना वाटलं, थंडीने डोळ्यांत पाणी आलं असेल.

सोमवारी बैठकीत लालासाहेब समोर बसला होता. आपल्यावर संशय आहे हे कुणी न सांगताही त्याला कळलं होतं. त्याचे बूट स्वच्छ पुसलेले होते आणि हात टेबलाखाली होते. नारायणरावांनी कागद उघडला आणि वाचला. "मी स्वतः गावी जाऊन साक्षीदारांना भेटलो. अकराही साक्षी विश्वसनीय आहेत. माझी शंका निराधार होती. प्रा. जगदाळे यांची मी क्षमा मागतो." खाली सही होती.

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. "आणि ते बेंदराचं?"

"गावाहून पत्र गेलं होतं त्याला. ते मी डोळ्यांनी पाहिलं. मीच पळत होतो ही सांगण्यातली फुशारकी."

"म्हणजे एका पत्रासाठी तुम्ही या मुलाला आठवडाभर टांगून ठेवलंत," अण्णासाहेब म्हणाले. ते कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले होते. नारायणरावांनी ऐकून घेतलं. अठरा वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं.

'प्राचीन राष्ट्रे' बाहेर गेला, साक्षींचा पेपर आत आला आणि आराखडा मंजूर झाला. उठता उठता नारायणरावांनी एक दुरुस्ती सुचवली. एकाच वाडीला दरवर्षी त्रास नको, विद्यार्थ्यांना माण तालुक्यात न्यावं, दहिवडीकडची पुष्कळ माणसं पलटणीत आहेत. लालासाहेबाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्याचा अर्थ स्पष्ट होता: हरलेला माणूस पोरांना उन्हातान्हात कोरड्या मुलखात हिंडवायला निघाला आहे. तरी त्याने ती दुरुस्ती लिहून घेतली.

व्हरांड्यात त्याने नारायणरावांना गाठलं.

"सर, क्षमा मागितलीत, मी ती घेतली. पण एक विचारायचंय, खरं सांगा. त्या साक्षीत काही चुकलंय असं वाटल्यावर तुमच्या मनात पहिल्यांदा मीच का आलो? गावकऱ्यांची चूक असेल, माझ्या ऐकण्यात चूक असेल, काहीही असेल. तुम्ही थेट म्हणालात, यानं रचलंय. माझ्या जागी तुमच्या वाईचा कुणी जोशी असता, तर हेच मनात आलं असतं का?"

नारायणराव उभे राहिले. याचं उत्तर त्यांना एका क्षणात देता आलं असतं. साक्षी खोट्याच आहेत बाबा, तुला फसवलंय, माझी नजर चुकली नव्हती. तेवढं एक वाक्य बोलले असते तर त्यांची मान पुन्हा वर झाली असती. ते वाक्य त्यांनी गिळलं. ते गेल्यावर फक्त लालासाहेबाचा प्रश्न उरला, आणि तो त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आला. शेतकऱ्यांना एवढं रचता येईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जगदाळे खोटेपणा करील, हे मात्र पहिल्याच मिनिटाला आलं होतं. जोश्याचा कागद असता, तर जोश्याला बोलावून विचारलं असतं की बुवा हे काय आहे.

"नसतं आलं," ते म्हणाले.

 "निदान हे तरी खरं बोललात," लालासाहेब म्हणाला. "मग या अभ्यासक्रमात तुम्ही नसलात तर बरं. मी अण्णासाहेबांना तसं सांगणार आहे."

"सांगा," नारायणराव म्हणाले, आणि छत्री घेऊन जिना उतरले.